इंदूरच्या थंडीत हस्कीला हार्नेसचं काम: आधी काय, मग काय

दिवाळी उलटली, पहाटे स्वेटर चढवावा लागला, की माझ्याकडे हार्नेसच्या कामाबद्दल फोन सुरू होतात. हे काम म्हणजे हार्नेस घातलेला कुत्रा पुढे ओढत पळतो आणि माणूस स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याला दोरी जोडून त्याच्यामागे पळतो. "ताई, हार्नेस मागवलं, कमरेला पट्टा बांधला, बायपासवर नेलं, पण हा पळतच नाही, मागे वळून माझ्याकडे बघत राहतो." दुसरा फोन: "इतकं ओढलं की मी गुडघ्यांवर आपटलो." आणि सगळ्यात वाईट तिसरा: "काखेत जखम झाली. आता हार्नेस दिसलं तरी पलंगाखाली जाऊन बसते."

तिन्ही घरांत चूक एकच, पळण्यापासून सुरुवात केली. पळणं हे या कामातलं सातवं पाऊल आहे. आधीची सहा गाळली की कुत्रा बिघडतो, आणि तो सरळ करायला नव्याने शिकवण्याच्या दुप्पट वेळ जातो. माझी कुत्री रेवा आता चौथ्या थंडीत काम करते आहे. पहिल्या थंडीत मीही हीच चूक केली होती, म्हणून हा क्रम लिहून ठेवते. सायबेरियन हस्की डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. मॅलम्यूट या ओढणाऱ्याच दुसऱ्या जातीलाही लागू पडेल, पण तो वजनाने जड असतो, त्यामुळे त्याच्यासाठी प्रत्येक टप्पा आणखी सावकाश घ्या.

## १. ऑक्टोबर: अंग तयार आहे का?

हार्नेस विकत घेण्याआधी पशुवैद्याकडे जा. तिथे तीन गोष्टी सांगून तपासून घ्यायच्या: कंबरेचे सांधे, हृदय, आणि गोचीड-तापासाठी रक्त. तिसरी तपासणी बहुतेक जण सोडतात. पावसाळ्यानंतर आपल्याकडे गोचिड्या भरपूर असतात. गोचीड-तापाचा कुत्रा घरात धडधाकट दिसतो, जेवतोही, पण रक्तातल्या प्लेटलेट कमी झालेल्या असतात आणि मेहनतीला लावला की कोसळतो. महूला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सांध्यांबद्दल शंका असेल तर तिथेही दाखवता येईल. रेबीजची लस चालू आहे ना, तेही याच वेळी कार्डावर बघा.

वय: मी दीड वर्षाची सीमा पाळते. त्याआधी हाडांची टोकं पक्की झालेली नसतात. लहान पिल्लाला टप्पा ३ ते ५ शिकवायला हरकत नाही, कारण त्यांत वजन नाही आणि पळणंही नाही.

वजन: हस्कीचा नर साधारण २० ते २७ किलो, मादी १६ ते २३. काट्यापेक्षा हात खरा. तळवा बरगड्यांवरून फिरवा, किंचित दाबल्यावर एकेक बरगडी मोजता आली पाहिजे. दूध-पोळीवर वाढलेल्या कितीतरी हस्कींच्या बरगड्या हाताला सापडतच नाहीत. आधी ते वजन उतरवा, मग हार्नेस.

आणखी एक. कुत्रा दिवसरात्र एसीत असेल तर ऑक्टोबरपासूनच त्याला संध्याकाळी ओसरीवर, गच्चीवर बसवायला सुरुवात करा. शरीराला बाहेरच्या हवेची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. उन्हाळ्यात केस भादरले असतील तर पुढच्या वर्षी भादरू नका, हा केसांचा दुहेरी थर उन्हालाही अडवतो.

तपासा: फरशीवर चालताना नखं टकटक वाजतात का? वाजत असतील तर कापा. लांब नखांनी पंजा मातीत नीट रोवला जात नाही.

## २. हवा, वेळ, वाट

इंदूरला या कामाचा हंगाम छोटा आहे: नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, जेमतेम बारा आठवडे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास येतो, पण दुपारी तोच २५ च्या पुढे जातो. म्हणून दिवस थंडीचा असला तरी वेळ पहाटेचीच.

माझे आकडे सरळ आहेत. १५ अंशांपर्यंत पळणं. १५ ते २० मध्ये फक्त चालणं आणि शब्दांचा सराव. २० च्या वर हार्नेस खुंटीवर. हे आकडे मोबाइलवरचे नाहीत. खिशात साधा थर्मामीटर ठेवा आणि जागेवर पोचल्यावर बघा. विमानतळाजवळचा आकडा आणि तुमच्या वाटेवरचा आकडा यांत फरक पडतो. दाट धुकं असेल तर घरी राहा. दमट हवेत धाप लागून अंग थंड होत नाही, आणि गाड्यांना तुम्ही दिसत नाही.

जमीन मातीची हवी. सुपर कॉरिडॉर किंवा बायपासचा डांबरी रस्ता सपाट आणि मोकळा दिसतो, पण कुत्र्याच्या खांद्यांना आणि तळव्यांना तो झेपत नाही. शहराबाहेर गहू-हरभऱ्याच्या शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटा सगळ्यात चांगल्या. शेतमालकाला विचारून घ्या, एकदा ओळख झाली की तेच कुठे पाणी सोडलंय ते सांगतात. काळी माती ओली असेल तर पंजात गोळे होतात, कोरडी असेल तर भेगांत पाय अडकतो, तेव्हा चाकोरीची दाबलेली वाटच धरा. रालामंडल अभयारण्य आहे आणि सिरपूर तलाव पाणपक्ष्यांचा, तिथे कुत्रा नेऊच नका.

वाट ठरली की तीन दिवस त्याच वेळी कुत्र्याशिवाय एकटे चालून या. हे कोणी करत नाही, आणि निम्मी भांडणं इथेच टळतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या टोळ्या कुठे बसतात, दुधाची गाडी कधी येते, पंपाची वायर कुठे आडवी पडलेली असते, सगळं कळतं. टोळी रोज त्याच कोपऱ्यावर असेल तर ती वाट सोडा.

सावध: महू, चोरल, रालामंडलच्या बाजूला बिबट्यांचा वावर आहे. जंगलाच्या कडेला उजाडण्याआधी कुत्रा घेऊन जायचं नाही. अंधारातला सराव शहरालगतच्या ओळखीच्या वाटेवरच, डोक्याला दिवा आणि कुत्र्याच्या गळ्यात लुकलुकता दिवा लावून.

सावध: संक्रांतीच्या आधी आठ दिवस आणि नंतर पंधरा दिवस वाटेवर, बोरीच्या काट्यांत मांजा अडकलेला असतो. एका जानेवारीत रेवाच्या मागच्या पायाला दोन वेढे बसले. ती थांबली म्हणून वाचली. तेव्हापासून त्या दिवसांत मी आधी एक फेरी चालून घेते आणि खिशात छोटी कात्री ठेवते.

## ३. माप आणि बसवणं

इथे घाई करू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

आधी कोणतं हार्नेस, ते. रोज फिरायला नेण्याचं, छातीवर आडवी पट्टी असलेलं हार्नेस ओढायला चालत नाही. ती पट्टी खांद्याच्या पुढे अडसर होते आणि पाय पूर्ण लांब पडत नाही. छातीच्या पुढे हुक असलेलं तर ओढू नये म्हणूनच बनवलेलं असतं. कामाच्या हार्नेसला समोरून बघितलं की इंग्रजी वाय दिसतो: दोन पट्ट्या मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली येतात, छातीच्या हाडावर मिळतात आणि तिथून एकच पट्टी पुढच्या पायांमधून मागे जाते.

पाठीवर दोन प्रकार. पट्ट्यांची फुली होऊन शेपटीच्या मुळापर्यंत जाणारं ते एक्स-बॅक. ते मागून, खालून ओढायच्या वजनासाठी: टायर, गाडी, स्लेज (बर्फावरची घसरगाडी). माणसाच्या कमरेला दोरी जोडायची असेल तर ती वर चढते आणि एक्स-बॅकचा मागचा भाग उचलला जातो, त्याने सगळा ताण चुकीच्या जागी पडतो. त्यासाठी पाठीच्या मध्यावर संपणारं आखूड हार्नेस घ्या. एकच घ्यायचं तर आखूडच, आपल्याकडे माणसामागोमागचं कामच जास्त होतं.

आता माप. मी पहिलं हार्नेस रेवाच्या गळपट्ट्याच्या मापावरून मागवलं. ते चूक होतं. गळपट्टा मानेच्या वरच्या अंगाला बसतो, हार्नेस मानेच्या बुडाशी. शिंप्याची टेप घ्या, कुत्र्याला उभं करा. छातीचं हाड जिथे सुरू होतं तो टणक टोकदार भाग बोटाने शोधा. तिथून टेप वर न्या, खांद्यांच्या पुढून, मान जिथे पाठीला मिळते तिथपर्यंत, आणि दुसऱ्या बाजूने परत. केसांखाली बोट घालून टेप कातडीला टेकवा. हस्कीचे केस दाबले नाहीत तर माप सहज दोन-तीन इंच मोठं येतं, आणि मोठ्या गळ्याचं हार्नेस ओढताना सरकून श्वासनळीवर येतं. दुसरं माप छातीच्या सर्वांत रुंद भागाचं, पुढच्या पायांच्या मागून.

हार्नेस आलं की घालून बघा. गळ्याचा घेर डोक्यावरून जाताना कान दुमडून, थोडं ओढून घालावा लागला पाहिजे. सहज गेला तर मोठा आहे. आणि आता मुख्य गोष्ट: सैल उभ्या कुत्र्यावर हार्नेस तपासू नका. एकाने समोर उभं राहून कुत्र्याला धरायचं, दुसऱ्याने मागच्या कडीला धरून पाठीच्या रेषेत घट्ट ताण द्यायचा. या ताणात बघा:

- गळ्याच्या खालचा कोन छातीच्या हाडावर आहे का? वर सरकून मऊ भागावर आला तर परत करा.
- मानेच्या बाजूला सपाट तळवा अडखळत का होईना, शिरतो का?
- पायांमधली पट्टी छातीच्या हाडावरच संपते का? पोटाच्या मऊ भागावर गेली तर लांब आहे.
- काख आणि पट्टी यांत तीन-चार बोटं अंतर आहे का?

शेवटच्या मुद्द्यावर माझी रेवा सोलली गेली. हार्नेस सैल असताना जागा दिसत होती, ताण येताच पट्टी काखेत शिरत होती. चार दिवसांनी केसांत हात घातला तर कातडी लाल आणि ओलसर. पंधरा दिवस काम बंद. दप्तरं शिवणाऱ्या कारागिराकडून ती पट्टी दीड इंच मागे घेऊन शिवली, आतून फ्लीसचा तुकडा लावला, आजतागायत तेच चालू आहे. ऐन थंडीत नवीन मागवून आठवडाभर वाट बघण्यापेक्षा हे बरं, पण शिवण ताणाच्या जागी दुहेरी घ्यायला सांगा.

तपासा: हार्नेस घालून कुत्र्याला समोरून हळूच ओढा, जणू तो मागे सरतोय. डोकं निसटलं तर गळपट्ट्याला वेगळी दोरी जोडल्याशिवाय बाहेर काढू नका. सुटलेला हस्की हाकेला परत येईल या भरवशावर राहू नये. तो पळत राहतो.

## ४. ताण धरून उभं राहणं

फोनवरच्या पहिल्या तक्रारीचं उत्तर इथे आहे. घरोघरी पिल्लाला शिकवलेलं असतं की ओढायचं नाही. ओढलं की ओरडा. आणि एक दिवस अचानक आपण म्हणतो, ओढ. कुत्रा मागे वळून बघतो, कारण तो विचारतोय: खरंच?

म्हणून दोन पोशाख वेगळे करा. गळपट्टा म्हणजे शेजारी चालणं, हार्नेस म्हणजे ओढणं. कामाचं हार्नेस घालून फिरायला नेऊ नका, एकदाही नाही.

अंगणात किंवा पार्किंगमध्ये दोरीचं एक टोक खांबाला बांधा, दुसरं हार्नेसला. तुम्ही समोर उभे राहा, हातात पनीरचे किंवा उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. कुत्रा तुमच्याकडे येईल, दोरी ताणली जाईल. ज्या क्षणी दोरी सरळ झाली, त्या क्षणी म्हणा "ताण" आणि तुकडा त्याच्या नाकाच्या थोडा पुढे द्या, म्हणजे घेताना तो आणखी पुढे झुकेल. वळला, बसला, दोरी सैल झाली तर काही नाही. ओरडायचंही नाही. जागेवर आणा, परत.

आधी एक सेकंद, मग तीन, मग दहा. दहा सेकंद जमले की तुम्ही समोरून बाजूला या, मग कुत्र्याच्या खांद्यापाशी, मग मागे. मागे गेल्यावर तो वळेल. तेव्हा पुन्हा एक सेकंदापासून मोजा. एका वेळी पाच-सात मिनिटं, दिवसातून एकदा, दहा-बारा दिवस. कंटाळवाणं वाटतं. पण नवव्या दिवशी रेवाने मागचे पंजे मातीत रोवले, डोकं किंचित खाली घेतलं, पाठ सरळ झाली आणि ती समोर बघत थांबून राहिली. मी मागे होते, हातात काही नव्हतं. कामाला तयार कुत्रा असा दिसतो.

## ५. शब्द, चालता चालता

शब्द असे निवडा की ते घरात दुसऱ्या कोणत्या कामाला येत नाहीत. "चल" आपल्याकडे दिवसातून पन्नास वेळा म्हटलं जातं, जेवायला चल, बाजारात चल. "थांब" मुलांना म्हणतो. म्हणून निघायला "हाईक", थांबायला "व्हो", उजवीकडे "जी", डावीकडे "हॉ". स्लेजवाल्यांचे हे जुने शब्द आहेत, एकमेकांपासून कानाला वेगळे लागतात आणि आजीही सहज उच्चारते. "पुढे" हा आपलाच ठेवला: कोंबडी, मांजर, भुंकणारा कुत्रा, काहीही असो, लक्ष न देता पुढे.

हार्नेस, दोरी, कुत्रा पुढे, तुम्ही मागे चालत. वळणाचा शब्द वळणावर नाही, तीन-चार पावलं आधी. वळणावर म्हटलं तर कुत्रा रस्ता बघून वळतो, शब्द शिकत नाही. पहिला आठवडा एकच बाजू. "व्हो" म्हटल्यावर ताण धरून उभं राहायचं, मागे यायचं नाही, चौथा टप्पा इथे कामी येतो. घरात सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. काका एक म्हणणार आणि मुलगा दुसरं, तर कुत्रा दोघांचंही ऐकणं सोडतो.

तपासा: दहापैकी आठ वेळा "व्हो" ला थांबतो का? नसेल तर पुढे जाऊ नका. तुमचे गुडघे या एका शब्दावर आहेत.

## ६. वजन

आधी आवाजाची सवय. दुसऱ्या कोणीतरी स्कूटरचा जुना टायर दोरीने ओढत शेजारून चालायचं, कुत्रा मोकळ्या अंगाने सोबत. कान मागे जाईनासे झाले की पाच लिटरची रिकामी प्लॅस्टिकची कॅन त्याच्या मागे बांधा. आवाज मोठा, वजन नाही. मग टायर. सुरुवातीचं वजन कुत्र्याच्या वजनाच्या दहाव्या भागाइतकं, अंतर पन्नास पावलं, आठवड्यातून तीन दिवस.

दोरी अडीच-तीन मीटर हवी. आखूड दोरीने टायर मागच्या टाचांवर आदळतो. एकदा आदळला की कुत्रा तो दिवस विसरत नाही. उतारावर वजन बांधायचंच नाही. आखूड हार्नेस असेल तर या टप्प्यात पन्नास पावलांच्या पुढे जाऊ नका, आणि वजनही वाढवू नका.

## ७. आता पळणं

आदल्या संध्याकाळचं जेवण, सकाळी काही नाही. भरल्या पोटी पळवलं तर हवा भरून पोटाला पीळ बसण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो. पाणी मात्र निघण्याआधी दोन तास द्या, कोमट, त्यात चमचाभर चिकनचं पाणी घातलं की पितो. नुसतं पाणी पहाटे कुत्रे पीत नाहीत.

जागेवरचा क्रम: गाडीतून गळपट्ट्यावर उतरवणं, शी-शू, पाच मिनिटं शेजारी चालणं, मग हार्नेस, मग दोरी, मग "ताण", मग "हाईक". हार्नेस घरून घालून आणू नका. गाडीत कुत्रे ते चावतात, आणि पोचेपर्यंत उत्साहाने निम्मे दमतात. शी पिशवीत घालून परत आणायची, शेतातसुद्धा.

माणसाचा पट्टा कमरेच्या खाली, नितंबांवर टेकलेला, पायांतून पट्ट्या असलेला. कमरेवर बांधला तर प्रत्येक झटका पाठीत. दोरीत रबराचा ताण झेलणारा भाग हवा, आणि कमरेपाशी एका झटक्यात सुटणारा हुक. दोरी हाताला गुंडाळणं कधीच नाही.

पहिले दोन आठवडे: शंभर मीटर पळणं, शंभर चालणं, असं चार-पाच वेळा. मग हळूहळू पळणं वाढवा. इंदूरच्या हवेत मी दोन ते तीन किलोमीटरवर थांबते, एक दिवस आड. दर दहा मिनिटांनी थांबून दोन घोट पाणी. कुत्र्याच्या पुढे जाऊ नका, त्याला ओढू नका. दोरी सैल झाली की तो सांगतोय की पुरे. त्याच्या मनात अजून पळायचं असतानाच थांबवा, दुसऱ्या दिवशी तो हार्नेसपाशी स्वतः येऊन बसतो.

टोळी समोर आलीच तर पळू नका. दोरी आखूड धरा, कुत्रा तुमच्या मागे, चालत माघार. चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे. लस झालेली असली तरीही. तुम्हाला चावला तर तुम्हीही इस्पितळात.

सायकलला जोडण्याची घाई सगळ्यांना असते. पायी एक पूर्ण थंडी झाल्याशिवाय नाही.

## ८. थांबल्यावरची दहा मिनिटं

हार्नेस लगेच काढा, सावलीत चालवा. दहा मिनिटांत धाप उतरली पाहिजे. उतरली नाही, जीभ रुंद होऊन चमच्यासारखी बाहेर लोंबते आहे, हिरड्या विटेसारख्या लाल, लाळ घट्ट तारेसारखी, चाल डळमळीत, तर ते अंग तापणं आहे. गुदद्वारात थर्मामीटर लावून बघा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं. ४० च्या वर गेलं की पाणी ओतायला सुरुवात करा, ४१ म्हणजे जीव धोक्यात.

आधी गार करा, मग गाडीत घाला. वीस लिटरचा एक कॅन गाडीत असू द्या. नळाचं साधं पाणी पोटावर, मांड्यांत, सगळ्या अंगावर ओतत राहा, वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली वाफ कोंडते. तोंडात पाणी ओतू नका. मग खिडक्या उघड्या ठेवून पशुवैद्याकडे.

सगळं ठीक असेल तर बोटांच्या बेचक्यांत काटे आणि मातीचे खडे, काखेत लाली, तळव्यांना चिरा, हे रोज बघा. जेवण तासाभराने. परतताना आपण पोहे-जलेबीला थांबतो, तेव्हा कुत्र्याला त्यातला घासही नको. पोह्यांत कांदा असतो आणि कांद्याने कुत्र्याचं रक्त बिघडतं.

## फेब्रुवारीत

पहाटेचा पारा सलग तीन दिवस १५ च्या वर राहिला की हंगाम संपला. हार्नेस साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा, शिवणी ओढून बघा. उसवलेली असेल तर आत्ताच शिवून घ्या. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कापडी पिशवीत ठेवा. डांबरगोळ्या ठेवू नका, त्या कुत्र्याला विषारी असतात.